बिनपगारी संघाचे सर

आमचे सर मैदानावर कुणालाच नावानं हाक मारत नसत. वर्गात हजेरी घेताना नावं घ्यावीच लागत, पण शाळा सुटून पोरं मैदानावर आली की ती संपत. मग कुणी लेफ्ट बॅक, कुणी राइट हाफ, कुणी सेंटर. हे मैदानापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण सर सेनगावच्या बाजारातसुद्धा लांबून ओरडत, "लेफ्ट बॅक! आईचे गुडघे कसे हायत आता?" आणि कोथिंबिरीची जुडी हातात धरलेला लेफ्ट बॅक चार लोकांत लाजून म्हणे, "बरे हायत, सर."

माझं नाव होतं दुसरा कीपर. पहिला कीपर तांड्यावरचा, माझ्याहून वीतभर उंच, आणि त्याला कधी ताप येत नसे. म्हणून मी कायम दुसराच राहिलो. सरांमुळे ते नाव आमच्या घरातही रुळलं. माझ्या आईनं आयुष्यात फुटबॉलची मॅच पाहिलेली नाही, पण तीही शेजारणीला सांगायची, "आमचा दुसरा कीपर हिंगोलीला कालेजात गेला."

मी हिंगोलीत बी.ए. करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय नाही. सर आता नाहीत, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं म्हटलं की जास्तच अडखळायला होतं, कारण गावात त्यांच्याबद्दल जे सांगतात ते सगळं हसण्यासारखं आहे आणि मला जे आठवतं ते तसं नाही. खोटं दोन्हींतलं काहीच नाही. जमेल तसं लिहितो.

सर शाळेत खेळाचे शिक्षक होते. शाळा विनाअनुदानित होती. म्हणजे शाळेला सरकारचं अनुदान मिळालं की शिक्षकांचा पगार सुरू होणार, आणि तोपर्यंत नुसतं शिकवत राहायचं. सर नोकरीला लागले तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. मी त्यांच्या हाताखाली गेलो तोवर कानांजवळचे केस पांढरे झाले होते आणि अनुदान अजून वाटेतच होतं. घर चालायचं ते थोड्या कोरडवाहू रानावर आणि काकूंच्या शिलाई मशीनवर. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या आम्हाला म्हणायच्या, "तुमच्या सरांचं लग्न शाळेशी झालेलं हाय. मी आपली घर सांभाळायला ठेवलेली."

पारावर बसलेली माणसं सरांची सायकल दिसली की विचारत, "मास्तर, पगार आला का?" सर सायकल थांबवत, एक पाय जमिनीला टेकवत, थोडा विचार करत आणि म्हणत, "आज बुधवार हाय. बुधवारी येत न्हाई." दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आणि तेच उत्तर, फक्त वार वेगळा. लोक हसत. सर हसत नसत. एकदा एकानं विचारलं, "मंग येतो तरी कोणत्या वारी?"

"तेच तर बघून राहिलो," सर म्हणाले. "रोज एक वार तपासून राहिलो."

त्यांच्या गळ्यात एक पितळी शिट्टी असे. शाळेत रुजू झाले त्या दिवशी ती विकत घेतलेली. काळी दोरी झिजून राखाडी झाली होती. ही शिट्टी आम्ही कधी ऐकली नव्हती. सर टाळी वाजवत, ओरडत, नाही तर दोन बोटं तोंडात घालून शीळ घालत. नव्यानं आलेलं एखादं पोरगं विचारी, "सर, शिट्टी काहून वाजवत न्हाई तुमी?" त्यावर सर म्हणत, "पहिला पगार झाला की वाजवीन. ती नोकरीची शिट्टी हाय." मोठी पोरं मागं तोंड फिरवून हसायची. मीही हसलेलो आहे.

शाळेला अनुदानाचा पहिला टप्पा मिळाला तो सर गेल्यानंतर. आता शाळेत नवे सर आहेत, चांगले आहेत. सुट्टीत गावी गेलो की संध्याकाळी त्यांची शिट्टी आमच्या अंगणापर्यंत ऐकू येते. ती ऐकताना मला थोडं चुकल्यासारखं वाटतं, पण त्यात त्या सरांचा काय दोष?

आमच्या संघाला गावात बिनपगारी संघ म्हणत. आधी ते टोमण्यानं म्हणत, मग तेच नाव झालं. सरांना ते आवडायचं. दर वर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी ते आम्हाला गोल बसवत आणि एकच भाषण करत. "मला कप नको. कप ठेवायला घरात फळीबी न्हाई. मला फकस्त एकदा पगारी टीमला हरवायचंय. जे महिन्याचा पगार घेऊन खेळतात, त्यांना बिनपगारी पोरांनी हरवायचं. एकदाच. मंग मी काही मागणार न्हाई."

तेव्हा मला वाटे, सर नेहमीसारखं काही तरी विचित्र बोलतायत. नंतर कधी तरी, कॉलेजात गेल्यावर बहुतेक, लक्षात आलं की त्या भाषणात एकदाही सरांचा आवाज मस्करीचा नसे.

संघ चालवण्याची त्यांची पद्धतही वेगळी होती. आमची सगळी पोरं शेतकऱ्यांची, काही गावातली, काही तांड्यावरची. कामाच्या दिवसांत बाप पोराला मैदानावर सोडत नसे, आणि आमच्याकडे कामाचे दिवस नसतात कधी? सरांनी त्यावर सावड काढली. सावड आमच्याकडे पूर्वीपासून आहे: आज सगळ्यांनी तुझ्या रानात राबायचं, उद्या माझ्या रानात, पैशाची बोलणी नाहीत. पण अलीकडे सोयाबीन कापायचं म्हटलं की लोक गुत्तं देतात, म्हणजे एकरामागं ठरवून टाकतात आणि मोकळे होतात. सर एखाद्या बापाकडे जाऊन म्हणत, "तुमचं एक पोरगं मला द्या, मी तुमाला उद्या सकाळी आख्खी टीम देतो." मग आम्ही सगळे त्या रानात. कापणीला प्रत्येकाच्या वाट्याला एक पात येते, या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंतची पट्टी. सरांचीही एक पात असे. दुपारी त्या घरची भाकर खायची, ऊन उतरेपर्यंत कापायचं, आणि मग त्याच अंगानं सरावाला जायचं.

सेंटरचे वडील थट्टेखोर होते. ते एकदा म्हणाले, "मास्तर, टीम भाड्यानं देता का? मला तुरीला लागंल."

"भाड्यानं न्हाई. सावडीनं," सर म्हणाले. "तुमीबी या मंग आमची जाळी धरायला."

आणि खरोखर ते एकदा आले. गोलची जाळी फाटली होती, ती त्यांनी बसून विणून दिली.

सावडीत सरांचं एक सांगणं असे. आपल्या रानात पात अर्धी राहिली तर चालते, दुसऱ्याच्या रानात चालत नाही. कुणी बुडखा वर ठेवून घाईनं कापलं की सर मागं येऊन उभे राहत. "स्वतःच्या घरचं असतं तर असं कापलं असतं का?" पोरगं म्हणे, "व्हय सर, असंच कापलं असतं." सर म्हणत, "मंग तुझ्या घरी तसं काप. हितं नीट."

पुरा सराव आम्ही कापणी झालेल्या रानात करत असू, कारण शाळेच्या मैदानावर अर्ध्या भागात संस्थेचं बांधकामाचं सामान पडलेलं होतं. सोयाबीनची खुटं पायाला टोचतात. सर म्हणत, "पाय उचला. खुटं चुकवता आली की माणसंबी चुकवता येतात." कीपरला ते वेगळं शिकवत. चेंडू मारणाऱ्याच्या मारत्या पायाकडे बघायचं नाही, उभ्या पायाकडे बघायचं. उभा पाय खोटं बोलत नाही. आणि चेंडू हातात आला की छातीशी धरून बसायचं नाही, लगेच लांब फेकायचा. "चेंडू म्हंजे काय लेकरू हाय का कुशीत घ्यायला?"

मी रोज संध्याकाळी सेंटरचे फटके झेलायचो. पहिला कीपर एका गोलात, मी दुसऱ्या. सेंटर माझ्या डावीकडे बघायचा आणि उजवीकडे मारायचा. मला त्याचा उभा पाय झोपेतही दिसत असे.

मी बारावीला होतो त्या हिवाळ्यात ती मॅच झाली. हिंगोलीला एक नवा फुटबॉल चषक सुरू झाला होता, दुसरंच वर्ष होतं. तेव्हा त्याचे नियम अजून घट्ट झाले नव्हते. कुणीही यावं, नाव द्यावं, चिठ्ठी निघेल त्याच्याशी खेळावं, मग ती गल्लीतली टीम असो की लांबच्या शहरातला पगारी क्लब. चिठ्ठीत आमच्या वाट्याला असाच एक क्लब आला. सरांनी ते आम्हाला सांगितलं तेव्हा ते मैदानावर न येता आधी माझ्या घरी आले होते. दारातूनच म्हणाले, "दुसरा कीपर, पगारी आले रे." आईला वाटलं सरांचा पगार आला. ती साखर आणायला आत गेली.

त्या क्लबच्या सगळ्यांच्या पाठीवर एकसारख्या बॅगा होत्या. मॅनेजर काळा चष्मा लावून प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. मॅच सुरू व्हायच्या आधी त्यांच्यातल्या एकानं आमच्या लेफ्ट बॅकला विचारलं, "भाई, तुम लोगों को मॅच का क्या मिलता है?"

"भाकर अन् शेंगदाण्याची चटणी."

"कॅश में?"

"न्हाई. फडक्यात."

तो हसला, आणि हसताना त्यानं लेफ्ट बॅकच्या खांद्यावर हात ठेवला. माणसं वाईट नव्हती ती. आम्हाला त्यांनी मनावर घेतलं नव्हतं, इतकंच. त्यांचा राखीव गोलकीपर दुसऱ्या गावच्या स्पर्धेला गेला होता, हे नंतर कळलं.

त्यांनी लवकरच एक गोल केला आणि मग ते सावकाश खेळायला लागले. आमची पोरं मात्र पळत राहिली. त्यांना दिवसभर वाकून काम करायची सवय, नव्वद मिनिटं उभं राहून पळायचं म्हणजे काय? दुसऱ्या अर्ध्यात सेंटरनं डोक्यानं गोल केला. एक-एक. मैदानाच्या भिंतीवर बसलेले दुकानदार, रिक्षावाले, कॉलेजची पोरं, सगळे आमच्या बाजूनं ओरडायला लागले. मी बाहेर राखीव पोरांत बसलो होतो. सर उभे होते, मूठ तोंडाशी धरून.

मॅच संपायला थोडा वेळ उरला असताना सेंटर चेंडू घेऊन आत घुसला. त्यांचा गोलकीपर त्याच्या पायांत झेपावला. चेंडू बाहेर गेला, पण कीपर उठला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं भलतीकडेच वळलेली होती. सेंटरनंच आधी हात वर करून डॉक्टरला बोलावलं.

राखीव कीपर नाही म्हटल्यावर त्यांचा एक जाडसर बचावपटू हातमोजे चढवायला लागला. मोजे त्याला घट्ट होत होते आणि भिंतीवरचे लोक त्याला हसत होते. सगळ्या मैदानाला कळलं होतं, आता फक्त सरळ मारायचं. सेंटरनं आमच्याकडे बघून नुसती मान हलवली. माझ्या शेजारच्या पोरानं माझा गुडघा दाबला. सरांची एवढ्या वर्षांची गोष्ट आता होणार होती.

सर ओरडले, "थांबा!" गोंगाटात ते कुणाला ऐकू गेलं नाही. ते पुन्हा ओरडले. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली.

आधी ती नुसती फुरफुरली, मग फाटक्या आवाजात वाजली आणि मग सगळ्या मैदानावर सरळ गेली. पंचांनी स्वतःच्या हातातल्या शिट्टीकडे पाहिलं. आमचे अकराच्या अकरा खेळाडू जागेवर उभे राहिले. त्यांना चटकन कळलं नाही की हा आवाज कुठून आला. सरांनी चपला रेषेबाहेर काढल्या. खळ्यात जाताना आपण काढतो तशा. मैदानात ते कायम तसेच जात. अनवाणी चालत ते पंचांपाशी गेले. मी मागोमाग गेलो, का गेलो ते माहीत नाही.

"यांना कीपर द्यायचाय," सर म्हणाले.

"कुणाचा?" पंच म्हणाले.

"आमचा. दुसरा."

त्यांचा मॅनेजर खुर्चीतून उठून आला. "मास्टर, मजाक कर रहे क्या?"

सेंटर धावत आला. "सर, काहून असं करून राहिले तुमी? आता तर आपलंच हाय ना!"

"म्हणूनच," सर म्हणाले. "बिनकीपरची टीम हरवली, असं सांगू का मी लोकाला? मला पगारी टीम हरवायचीय. पुरी. अर्धी न्हाई."

पंच आयोजकांकडे जाऊन आले. दोन्ही संघांची हरकत नसेल तर चालेल, असं ठरलं. नवाच चषक होता, असा प्रसंग कुणी गृहीत धरलाच नव्हता. सरांनी मला खांद्याला धरून बाजूला घेतलं.

"तिकडं उभा राहिलास की तिकडचा. कळलं का? सावडीला गेलेला माणूस कमी कापतो का?"

"न्हाई, सर."

"मंग जा."

त्यांच्या कीपरला जर्सी एका हातानं काढता येईना, मी ओढून काढली. ती मला मांड्यांपर्यंत आली. मोजे आतून ओले आणि गरम होते. तो बाहेर जाताना एवढंच म्हणाला, "संभाल लेना." मी आमच्याच संघाकडे तोंड करून उभा राहिलो. ते अंतर मी रोज बघायचो, पण त्या दिवशी ती सगळी पोरं मला अनोळखी वाटली.

सेंटर आला. त्यानं माझ्या डावीकडे पाहिलं. मी त्याच्या उभ्या पायाकडे पाहिलं. अडवायचं की सोडायचं असं मी काही ठरवलं नव्हतं. ठरवायला वेळच नव्हता. अंग उजवीकडे गेलं आणि चेंडू दोन्ही हातांत बसला. आणि मग रोजच्या सवयीनं, छातीशी न धरता, मी तो लांब फेकला. जिथं माणूस दिसला तिथं फेकला. तो त्यांचा माणूस होता. त्याच्यासमोर अर्धं मैदान मोकळं होतं. आमचा पहिला कीपर पुढं आला, पण उशीर झाला होता.

दोन-एक. थोड्या वेळानं मॅच संपली.

सर जिथं होते तिथंच उभे होते. ते टाळ्या वाजवत नव्हते, आणि बसलेही नव्हते. चपला अजून रेषेपाशी पडलेल्या होत्या.

परतताना जीपमध्ये सेंटर पुढं बघतच म्हणाला, "दुसरा कीपर, तू कोणाचा रे?"

सर पुढच्या सीटवरून म्हणाले, "त्याला काही म्हणू नका. मी सावडीला धाडला होता, तो पुरं काम करून आला. म्हणायचं ते मला म्हणा."

नरसीला जीप चहाला थांबली. सर कप घेऊन एकटेच जीपमागं जाऊन उभे राहिले. मी गेलो. त्यांच्या हातात शिट्टी होती, तिची दोरी त्यांनी बोटांना गुंडाळली होती.

"हात झोंबले का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, सर."

चहा तसाच ठेवून त्यांनी बोटांवरची दोरी सोडवली आणि पुन्हा गुंडाळली. मग म्हणाले, "खरं सांगू का? तू सोडशील असं वाटलं होतं मला. थोडंसं."

मी विचारलं, "अन् सोडला असता तर, सर?"

"तर उद्यापासून तुला ग्राउंडवर पाय ठेवू दिला नसता."

एवढं बोलून त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. त्यांचे डोळे लाल होते. धुळीनं असतील असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शिट्टी पुन्हा गळ्यात होती. पारावरच्यांना सगळी हकिगत कळलेली होती. एक जण म्हणाला, "मास्तर, शिट्टी वाजली म्हणं! पगार झाला वाटतं?" सर थांबले. त्या दिवशी त्यांनी वार सांगितला नाही. नुसतेच सायकलवर बसून गेले. लोक म्हणाले, मास्तराचं डोकं फिरलंय, हातातली मॅच देऊन आला. सेंटर माझ्याशी पुन्हा बोलला तो थेट तुरीच्या कापणीला. त्याच्या रानात सावड होती. त्यानं माझ्या शेजारची पात धरली आणि विळा पुढं करून म्हणाला, "हा घे, ह्याला धार चांगली हाय."

पुढच्या वर्षीपासून चषकवाल्यांनी दोन गट केले. पगारी क्लब एका गटात, आमच्यासारखे दुसऱ्या गटात. आता त्यांची आणि आमची गाठ पडणारच नव्हती. ती सूचना मीच सरांना मोबाइलवर दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "बराबर हाय त्यांचं." हंगामाच्या पहिल्या दिवशी मीही हिंगोलीहून आलो होतो. त्यांनी आम्हाला गोल बसवलं, पण पगारी टीमचं भाषण केलं नाही. खुटं चुकवायला सांगितलं आणि सराव सुरू केला.

त्यानंतरच्या दसऱ्याच्या तोंडावर सरांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना नांदेडला नेलं, ऑपरेशन ठरलं. काकू त्यांच्याजवळ. रानात सोयाबीन वाळून उभं होतं. आणखी चार दिवस राहिलं असतं तर शेंगा फुटून दाणे मातीत गेले असते. आम्ही रविवारी सावड ठरवली. मी हिंगोलीत कॉलेजला होतो. सगळ्यांना कळावं म्हणून मी व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं: सर दवाखान्यात आहेत, सोयाबीन उभं आहे, रविवारी सगळ्यांनी विळे घेऊन यावं.

थोड्या वेळानं एक मेसेज आला: "लोकेशन भेज." त्या पगारी क्लबच्या कीपरचा होता. मॅचनंतर मी जर्सी परत द्यायला गेलो तेव्हा त्यानं डाव्या हातानं माझा नंबर घेतला होता. त्यानंतर आम्ही कधी बोललो नव्हतो. मला वाटलं, त्यानं चुकून पाठवलं असेल. तरी लोकेशन पाठवलं.

रविवारी ऊन वर आल्यावर तो वाशिमकडून कनेरगाव नाक्यावर उतरून, दोन जीप बदलून आला. पायांत पांढरे बूट. सेंटर त्याच्याकडे बघत राहिला. तो म्हणाला, "काटना नहीं आता मुझे. सिखा दो."

सेंटरनंच त्याला शिकवलं. त्याची ती दोन बोटं अजून पुरती मिटत नव्हती, त्यामुळे विळा हातात फिरायचा. वाळलेल्या झाडांनी तळहात सोलवटला, तेव्हा सेंटरनं आपला रुमाल फाडून गुंडाळला. दुपारी भाकर खाताना मी विचारलं, "आज सुट्टी होती का?" तो म्हणाला, "नहीं. आज की प्रॅक्टिस छोड़ के आया. पैसा कटेगा." आणि चटणी तिखट लागून पाणी मागायला लागला.

ऊन उतरेपर्यंत सगळ्यांच्या पाती संपल्या. त्याची अर्धी राहिली होती. सेंटर समोरून कापत यायला निघाला, तर तो म्हणाला, "रुक, मेरा है." पण शेवटची गाडी चुकली असती. त्याला जावं लागलं. जाताना त्यानं विळा पुसून धुऱ्यावर ठेवला. उरलेली अर्धी पात सेंटरनं कापली.

सोमवारी मी नांदेडला गेलो. सर पलंगावर होते, खूप बारीक झालेले. शिट्टी काकूंच्या पदराच्या गाठीत होती. मी सांगितलं, सोयाबीन घरात आलं. मग कीपर आल्याचं सांगितलं. सरांनी डोळे उघडले.

"त्याला भाकर दिली का?"

"दिली, सर."

"पगारी हाय ना तो अजून?"

"व्हय, सर. उलट कालचा पगार कापला जाणार म्हणं त्याचा."

सर वर पंख्याकडे बघत राहिले. "म्हंजे पगारी माणूस आपल्या रानात येऊन बिनपगारी राबला."

"व्हय."

"मंग हरला की रे तो!"

ते उठून बसायला लागले. काकूंनी दोन्ही खांदे धरून त्यांना खाली निजवलं. सेंटरनं डोक्यानं गोल केला होता तेव्हासुद्धा सरांचा चेहरा असा झाला नव्हता. पलीकडच्या पलंगावरचा म्हातारा मान वळवून आमच्याकडे बघायला लागला. मग सरांनी, सावडीच्या प्रत्येक संध्याकाळी विचारत तसं, विचारलं, "पात पुरी केली का त्यानं?"

केली, असं अगदी तोंडावर आलं होतं माझ्या. काकूही माझ्याकडे बघत होत्या.

"न्हाई, सर," मी म्हणालो. "अर्धी राहिली. गाडी निघाली होती त्याची. उरलेली सेंटरनं कापली."

काकू म्हणाल्या, "आता बोलू नका, डॉक्टर रागावतील." सरांनी सुई लावलेला हात थोडा वर केला.

"मंग जिंकलो म्हणता येत न्हाई," ते म्हणाले. "बराबरी धर, दुसरा कीपर."